रुमाल कोणी उचलायचा

आमच्या प्रमिलाआत्याच्या घरात अपराधी वाटायला काही करावं लागत नसे. दार उघडून आत यायचं, एवढं पुरे. बुटांवरचा बर्फ कार्पेटवर वितळला की वाईट वाटायचं. ते पाणी पुसायला कागदी टॉवेल ओढला की वाया घालवल्याचं वाईट वाटायचं. आणि नुसतं उभं राहिलं तर आत्या स्वतः गुडघे टेकून पुसायला लागायची, ते सगळ्यांत वाईट. मी आयुष्यात बऱ्याच घरांतून राहिले, पण टोस्टरमध्ये एक पाव जळाला म्हणून तिघं जण एकमेकांची माफी मागत बसतात आणि तेवढ्यात दुसराही जळतो, असं घर एकच पाहिलं. सुधाकरकाका, म्हणजे आत्याचे यजमान, नगरला शाळेत गणित शिकवायचे. आत्याला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, विद्यापीठाच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, म्हणून ते मागोमाग आले आणि कॅम्पसची बस चालवू लागले. आपल्यापायी एवढ्या शिकलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग आलं, हा सल आत्या रोज डब्याबरोबर घेऊन जायची. काकांचा सल वेगळाच होता. त्यांना बस चालवायला मनापासून आवडायचं. वर्गातल्या पोरांपेक्षा बसमधली पोरं गप्प बसतात, असं त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं होतं. पण आत्याला कळलं तर तिचं दुःख फुकट जाईल, म्हणून ते घरी आले की दारातच एक मोठा उसासा टाकायचे. तो उसासा मला वरच्या खोलीत ऐकू यायचा. शेजारच्या गावातही जात असावा.

मी त्या घरात संख्याशास्त्र शिकायला म्हणून येऊन राहिले होते. बरोबरीची मुलं चौघं-चौघं मिळून एकेका अपार्टमेंटमध्ये राहायची, आळीपाळीने खिचडी करपवायची, आणि मी आत्याकडे आयतं जेवायचे. म्हणजे माझाही सल आलाच. गाव डोंगरांच्या मधोमध, बशीत ठेवल्यासारखं. बर्फ ऑक्टोबरमध्ये मुक्कामाला यायचा तो एप्रिलपर्यंत सामान आवरायचं नाव घ्यायचा नाही. एका वर्षी तर आम्ही दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडून कॉलेजला गेलो होतो. (काका म्हणायचे, पहिल्याच मजल्याच्या. पण ते गणिताचे शिक्षक, त्यांना गोष्ट सांगता यायची नाही.) भारतीय दुकान एकच, तेही व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देता देता मसूर विकायचं. आता मी टेक्ससमधल्या फ्रिस्कोला लेकीकडे राहते. इथे सिग्नलला थांबलं तरी उजवीकडे पोळी-भाजी केंद्र आणि डावीकडे ढोकळा दिसतो. नातीला सांगितलं, की तेव्हा आम्ही कोथिंबिरीची एक जुडी फुलांच्या गुच्छासारखी एकमेकांना भेट द्यायचो, तर ती म्हणते, “आजी, दॅट इज सो सॅड.” सॅड नव्हतं ते. वासावर लोक जमायचे.

आणि रविवारी खरोखरच जमायचे. आत्याच्या दिवाणखान्यात आमची मराठी मंडळी भरायची. दोन-चार कुटुंबं, बरीचशी विद्यार्थी पोरं, सगळे नगर, पुणे, नागपूरकडचे ख्रिस्ती, आणि जेवणाच्या आशेने श्रद्धा वाढलेले दोन हिंदू मित्र. सकाळपासून मटणाचा रस्सा रटरटत असायचा. आत्या पेटीवर बसायची. तिचा आवाज असा, की पहिल्या गायनाला बाहेर पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म वाजायचे. शास्त्रपाठ ती नेमून द्यायची, प्रार्थना ती करायची, संदेश बहुतेक वेळा तीच द्यायची. मात्र त्याला संदेश म्हणायचं नाही, “दोन शब्द” म्हणायचं. ते दोन शब्द कुकरच्या तीन शिट्ट्यांइतके लांब असायचे आणि तिसऱ्या शिट्टीला काका “आमेन” म्हणत उठून गॅस बंद करायचे. कोणाचं ॲडमिशन रखडलंय, कोणाची बायको व्हिसासाठी अडकलीय, कोण आठवडाभर बसमध्ये रडत बसलेलं काकांनी पाहिलंय, हे सगळं आत्याच्या डोक्यात असायचं, आणि सोमवारी ती त्यांच्या दारात डबा घेऊन उभी असायची.

एक गोष्ट मात्र ती करायची नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी फिलाडेल्फियाकडून अर्धा दिवस गाडी चालवत पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, यायचे. किडकिडीत, सज्जन, घाटातल्या वळणांनी चेहरा हिरवा झालेला माणूस. त्या दिवशी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर मोडून द्राक्षाच्या रसाबरोबर सगळ्यांना वाटायची. आत्या सकाळी पावाच्या कडा काढून एकसारखे तुकडे कापायची, छोट्या स्टीलच्या पेल्यांत द्राक्षाचा रस ओतायची, सगळं टेबलावर मांडायची आणि वर तिच्या आईने विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल पसरायची. तो रुमाल पाळकसाहेब उचलायचे. झाकायचा आत्याने, उचलायचा त्यांनी. दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय भाकर मोडायची नाही, हा नेम. आणि आत्याच्या अंगात नेम असा मुरलेला, की धुतलेल्या रुमालाची घडीसुद्धा ती उलगडताना मान दुसरीकडे वळवायची. हे मी वाढवून सांगते आहे, पण फार नाही.

त्या वर्षी मी एक जादा विषय घेतला होता, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास. धर्मजिज्ञासेने घेतला असं मी घरी सांगितलं. खरं कारण असं, की तो तास संपता संपता त्याच मजल्यावर फुकट पिझ्झा असायचा. पण शिकवणाऱ्या बाई अशा जबरदस्त होत्या, की मी पिझ्झा विसरून त्यांच्या मागे जिन्यापर्यंत प्रश्न विचारत जायचे. त्यांनी सांगितलं, की पहिली दोन-तीनशे वर्षं चर्चची इमारत नव्हतीच. लोक कोणाच्या तरी घरी जमायचे, आणि ते घर पुष्कळदा एखाद्या बाईचं असायचं. जांभळं कापड विकणारी लुदिया. नुंफा, जिच्या घरी आख्खी मंडळी भरायची. प्रिस्किल्ला, जिचं नाव नवऱ्याच्या, अक्विल्लाच्या, आधी घेतलं जायचं आणि जिने एका मोठ्या वक्त्याला घरी बोलावून त्याचं चुकलं कुठे ते समजावलं. फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. प्रेषित पौलाने रोमला धाडलेलं पत्र तिनेच नेलं असं मानतात. आणि युनिया, जिला पौल प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हणतो, पण नंतरच्या लोकांना बाई प्रेषित असणं इतकं अवघड गेलं, की त्यांनी तिला कित्येक शतकं चक्क पुरुष करून टाकलं.

हे सगळं मी रात्रीच्या जेवणाला भातावर वाढायचे, आणि नुसतं कसं वाढणार? फोडणी आलीच. माझ्या फिबीच्या जहाजाला वादळ लागायचं, खलाशी ओक्साबोक्शी रडायचे, आणि ती एका हाताने पत्र छातीशी धरून दुसऱ्या हाताने शिडाचा दोर ओढायची. वादळ माझं, पत्र खरं. काका घास हातात धरून ऐकायचे. त्यांचा एकच प्रश्न असायचा, “अक्विल्लाला मधेमधे बोलायला देत होते का गं?”

आत्या मात्र वेगळंच विचारायची. “नुंफाच्या घरी मंडळी जमायची ना? मग नंतर भांडी कोण घासायचं?”

ते पुस्तकात नाही, असं मी म्हणाले.

“असणारच नाही,” आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला.

मग तो पहिला रविवार आला. बर्फ असा, की देवाने पेनसिल्व्हेनिया खोडरबराने पुसून टाकलंय. पाळकसाहेबांचा सकाळीच फोन आला, की हायवे बंद आहे, येणं कॅन्सल करावं लागतंय, मला क्षमा करा. आत्या म्हणाली, तुम्हीच क्षमा करा, आमचंच गाव आडबाजूला. दोघांनी बराच वेळ एकमेकांना क्षमा केली. चालत येण्याजोगे लोक तरीही आले. त्यांत दाऊदआजोबा होते. आमच्यातल्या एका पोस्टडॉक संशोधकाचे वडील, राहुरीकडचे निवृत्त हेडमास्तर, लेकाला भेटायला म्हणून आले आणि इथे हृदयाची झडप बिघडून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. लेकाने त्यांना दोन कोट आणि एक रजई घालून आणलं होतं, दारातून आडवे करून आत घ्यावे लागले.

आत्याने नेहमीप्रमाणे सगळं मांडून ठेवलं होतं, फोन येण्याच्या आधीच. उपासना संपली. गायन झालं. पेटीचा भाता मिटला आणि लोक रश्श्याच्या दिशेने बघायला लागले, तेव्हा आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, “प्रमिलाबाई, भाकर?”

पाळकसाहेब आलेले नाहीत, असं आत्याने सांगितलं.

“ते मला दिसतंय. उद्या मला कापणार आहेत. परवा मी असेन की नाही ठाऊक नाही. भाकर तुमच्या टेबलावर आहे.”

मला त्या वेळचं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर कुकर. त्याने शिट्टी दिली आणि काका उठले नाहीत. दुसरी दिली, तरी उठले नाहीत. आत्या टेबलापाशी गेली. तिने हात रुमालाच्या कडेवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग तिने एकदा पदराला हात पुसले, जसे ती पोळ्या लाटायच्या आधी पुसायची, आणि रुमाल उचलला. भाकर मोडली. भाकर मोडताना म्हणायचे शब्द तिला पाठच होते. आजोबांच्या हातावर तुकडा ठेवताना तिचा आवाज एवढा लहान झाला, की ज्या बाईने गाड्यांचे अलार्म वाजवले तीच ही, हे मला पटेना. आम्ही सगळ्यांनी घेतलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. रस्सा तळाला लागला होता आणि आम्ही तो तसाच, उत्तम झालाय म्हणत खाल्ला.

आता इथे जर आजोबा वारले असते, तर सगळं किती सोपं झालं असतं. मरणाऱ्याची शेवटची इच्छा, कोण काय बोलणार? पण आजोबा ठणठणीत बरे झाले. नवी झडप अशी बसली, की ते वॉर्डातल्या नर्सना पाढे म्हणायला लावू लागले. आणि जसजसे बरे होत गेले तसतसे शरमिंदे होत गेले. घरी आल्यावर ते आत्याला म्हणाले, “बाई, मी तुम्हाला शब्दात पकडलं आणि मग मेलोही नाही. मला फार अपराध्यासारखं वाटतंय.” आत्याने त्यांची समजूत घातली, की वाचलात म्हणून मनाला लावून घेऊ नका. लेकाला वाईट वाटत होतं, की त्याने बर्फात बापाला आणलं. काकांना वाईट वाटत होतं, की कुकर बंद केला नाही. मंडळीत असा एक माणूस उरला नव्हता, जो त्या तुकड्यामुळे कोणाची ना कोणाची माफी मागत नव्हता.

आणि आत्याने, कोणी सांगितलेलं नसताना, स्वतः पाळकसाहेबांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. ते ओरडणारे असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, की त्यांना समजतं, पण दुसऱ्या मंडळ्याही आहेत, वरची माणसं आहेत, उद्या हे त्यांच्या कानावर जाईल आणि आपलं इथलं जमणंच बंद होईल. पुढच्या पहिल्या रविवारी तिने सर्वांसमोर उभं राहून एवढंच म्हणावं, की मी चुकले आणि मला पश्चात्ताप झाला आहे. तोपर्यंत प्रभुभोजनाच्या कोणत्याही वस्तूला तिने हात लावू नये. आत्या “हो” म्हणाली. फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्या वायरीचा गुंता सोडवत बसली, जो नव्हताच.

मग तो महिना. आत्या दोन शब्दही बोलायची नाही, नुसती पेटी वाजवायची. डबे घेऊन जायची, पण दारातूनच परत यायची. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. कणीक मळत होती. मी म्हणाले, आत्या, एक वाक्य आहे, म्हणून टाक ना. सगळ्यांना तेच हवंय. मंडळी राहील, तुझं घर राहील, पोरांना एक वेळ धड जेवायला मिळेल. मी हे फार गोड, फार पटेल असं बोलले. बोलण्यात मला कोण हरवणार?

आत्या मळतच राहिली. म्हणाली, “त्या युनियाचं सांगितलं होतंस ना. तिला नाही म्हणणारे लोकही असेच समजूतदार असतील, नाही?”

तिने हे टोमण्याने म्हटलं असतं तर मी उलट उत्तर दिलं असतं. पण ती खरंच विचारत होती. माझ्या परीक्षेत मला त्या विषयाला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली होती. मी कोथिंबीर निवडायला घेतली, निवडलेलीच होती ती, आणि आजही कोणी पटेल असं बोलायला लागलं, की मला ओल्या कणकेचा वास येतो.

रविवार उजाडला. बर्फ वितळून सगळीकडे चिखल. पाळकसाहेब हिरवे होऊन पोचले. आजोबा पुढच्या खुर्चीत, मान खाली घालून. पहिल्या गायनानंतर आत्या उठली. तिने पाठ केलेलं मला माहीत होतं, आरशासमोर म्हणताना मी ऐकलं होतं. तिने सांगितलं, की दीक्षा नसताना तिने रुमाल उचलला, नेम मोडला, त्यामुळे पाळकसाहेबांना आणि मंडळीला त्रास झाला, त्याची ती क्षमा मागते. पाळकसाहेबांनी मान हलवली. आता फक्त शेवटचे शब्द राहिले होते. ती थांबली.

“पश्चात्तापासाठी मी महिनाभर प्रार्थना केली,” आत्या म्हणाली. “होत नाहीये. आजोबांच्या हातावर भाकर ठेवली त्याचं मला वाईट वाटत नाही. आणि वाटत नाही याचंच मला इतकं वाईट वाटतंय, की झोप लागत नाही. याला काय म्हणायचं ते पाळकसाहेब, तुम्हीच सांगा.”

ती खाली बसली. पाळकाला काही सुचत नाही तेव्हा तो जे करतो ते पाळकसाहेबांनी केलं, पुढच्या गोष्टीकडे वळले. टेबलापाशी गेले, हात जोडले, आणि रुमाल उचलला.

खाली रिकामी थाळी होती आणि रिकामे पेले.

काकांनी सकाळी थाळी मांडली होती, पेले मांडले होते, रुमाल पसरला होता, कारण आत्याने हात लावायचा नव्हता. भाकर कापून ठेवायची असते हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. माझ्याही नाही. कोणाच्याच नाही. इतकी वर्षं ती रुमालाखाली आपोआप उगवते, असंच आम्ही समजत असू. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती आणि रडकुंडीला आली होती. “तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात,” ती म्हणाली. मी तिला नंतर शंभरदा विचारलं, मुद्दाम केलंस का. ती म्हणायची, नाही गं. मग थोड्या वेळाने म्हणायची, सकाळी लक्षात आलं होतं, बोलले नाही, तेही चुकलंच.

पाळकसाहेब स्वयंपाकघरात गेले. आम्ही बाहेर बसून कपाटं उघडल्याचे, ड्रॉवर ओढल्याचे, काहीतरी पडल्याचे आवाज ऐकत होतो. त्यांना पाव सापडला, सुरी सापडली नाही. रसाच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेवटी ते थाळीत आंघोळीच्या साबणाएवढे ओबडधोबड तुकडे घेऊन आले, शर्टाच्या बाहीवर जांभळे डाग. आजोबांची कवळी त्या तुकड्याशी इतका वेळ झगडत राहिली, की पुढची प्रार्थना खोळंबली. पाळकसाहेब सगळ्यांना देत देत आत्यापाशी आले, तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि तिथेच जरा उभे राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, सुरी कुठे ठेवता हो तुम्ही?”

बाकी काही बोलणं झालं नाही. ना माफी, ना शिक्षा. जेवले, दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला, हिरवे होत परत गेले. मे महिन्यात आले, तेव्हा भाकर आत्याने कापली, रुमाल त्यांनी उचलला, पण उचलताना कोणाचं तरी चोरल्यासारखा चेहरा करून.

आणि जून आला. पहिला रविवार. ऊन असं, की पार्किंगमधलं डांबर पायाला चिकटत होतं. काका हाफ पँट घालून मागे गवत कापत होते. फोन वाजला. आत्याने उचलला. पाळकसाहेब होते. मी शेजारीच उभी होते, त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू आला.

“प्रमिलाबाई, सलाम. आज यायला जमत नाही. रस्त्यावर फार बर्फ आहे.”

आत्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. काका घाम पुसत होते. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. तो माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नसावा, श्वासावरूनच कळत होतं.

“जपून राहा, पाळकसाहेब,” आत्या म्हणाली. “इकडेही पडतोय.”

त्या दिवशी उपासनेच्या सुरुवातीला तिने पापांगीकार केला, की प्रभू, आज दोन माणसं तुझ्यासमोर खोटं बोलली आहेत आणि त्यांतला एक फार चांगला माणूस आहे. मग पेटी वाजली, अलार्म वाजले, तिने पदराला हात पुसले आणि रुमाल उचलला. जुलैमध्ये पुन्हा बर्फ पडला. ऑगस्टमध्ये तर घाट बंद झाला. मी गोष्टी फुगवते हे माझी नातसुद्धा जाणते, ऐकता ऐकताच ती भुवया वर करते. “सो वॉज शी द पास्टर, आजी?” असं तिने परवा विचारलं. मी तिला एवढंच शपथेवर सांगितलं, की फिबीचं वादळ माझं होतं. हा बर्फ माझा नाही.